गाडी १३० ने धावते, बाकीचे मागे राहिले: रेल्वे बोर्डास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
रेल्वे बोर्ड, रेल भवन, नवी दिल्ली.

विषय: वेगवान गाड्या आणि रुळावर, रुळाकाठी व गाडीत असलेल्या माणसांची सुरक्षितता.

सविनय नमस्कार.

मनमाड ते भुसावळ या पट्ट्यात मी लहानाची मोठी झाले. वडील रेल्वेत कीमन होते, म्हणजे रोज पायी चालत रूळ तपासणारे. धाकटा भाऊ दुसऱ्या एका विभागात ट्रॅक मेंटेनर आहे. आमच्याकडे अजूनही गँगमनच म्हणतात. मी रुळापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. घरातली कमाई रेल्वेची, शाळेतली मुले रूळ ओलांडून येणारी आणि स्वतःचा प्रवासही याच मार्गावरचा. म्हणून हे पत्र. ते तुम्हाला लिहिते आहे, पण खान्देशातल्या, विदर्भातल्या, कोकणातल्या प्रत्येक प्रवाशाने वाचावे असे वाटते, म्हणून उघड लिहिते आहे.

इगतपुरी–भुसावळ–बडनेरा मार्गावर कमाल वेग ताशी १३० किलोमीटर झाला तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता. जळगावच्या माणसाला मुंबईला जाऊन काम उरकून परत यायचे असते, त्याच्यासाठी वाचलेला अर्धा तास मोलाचा आहे. वेगाला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. आधी वेग जाहीर होतो. कुंपण, गाडी आपोआप थांबवणारी 'कवच' प्रणाली, भुयारी मार्ग, माणसांची भरती आणि त्यांच्या हातातली साधने मागून येत राहतात. त्या मधल्या काळात जो सापडतो, त्याच्या वतीने मी बोलते आहे.

२२ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ आमच्या तालुक्यांत कोणी विसरलेले नाही. पाचोऱ्याजवळ माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या मध्ये लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्स्प्रेस थांबली. डब्याला आग लागल्याची अफवा पसरली होती. लोक घाबरून खाली उतरले, त्यातले अनेक जण शेजारच्या रुळावर. त्याच रुळावरून बंगळुरूहून दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस आली. तिथे वळण आहे. किमान १२ माणसे गेली.

अफवा होती, साखळी ओढली गेली, प्रवासी चुकीच्या बाजूला उतरले, हे सगळे खरे आहे. पण गाडीत आग लागल्याचे ऐकल्यावर माणूस उतरणारच. तो उतरेल हे गृहीत धरूनच व्यवस्था आखायला हवी. पुष्पकसारख्या गाडीच्या साध्या डब्यात उद्घोषणा ऐकू येईल असा एक भोंगाही सहसा नसतो. "आग नाही, उजव्या बाजूला उतरू नका, तिकडून गाडी येते आहे" एवढी दोन वाक्ये चालकाला किंवा गार्डला सगळ्या डब्यांत एकाच वेळी सांगता आली असती, तर काय झाले असते? वंदे भारतमध्ये ही सोय आहे. दरवाजे आपोआप बंद होतात, प्रवाशाला बटण दाबून चालकाशी बोलता येते. ज्या रुळावरून वंदे भारत धावते त्याच रुळावरून पुष्पक, महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि गर्दीने तुंबलेले जनरल डबेही धावतात. वेग सगळ्यांचा वाढवला, सोय मात्र एकाच गाडीला दिली.

आणि कवच. कवच ही आपली स्वतःची प्रणाली, २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेली. चालकाने लाल सिग्नल ओलांडला किंवा वेगमर्यादा मोडली तर ती आपोआप ब्रेक लावते, एवढे बहुतेकांना माहीत आहे. तिच्यात एसओएसची, म्हणजे संकटाचा इशारा देण्याचीही सोय आहे. संकटात सापडलेल्या गाडीच्या चालकाने ती वापरली की आसपासच्या कवच बसवलेल्या गाड्या थांबतात. त्या संध्याकाळी आमच्या पट्ट्यात कवच चालू नव्हते. ते असते तर सगळे वाचले असते, असा दावा मी करणार नाही. लोक किती वेळ आधी उतरले होते आणि चालकाला ते केव्हा कळले, यावर ते अवलंबून होते. पण वाचण्याची एक संधी होती आणि ती त्यांना मिळाली नाही. मनमाडहून नांदेडकडे जाणाऱ्या मार्गावर दक्षिण मध्य रेल्वेने कवच बसवले होते. मनमाडहून भुसावळकडे येणाऱ्या, कितीतरी अधिक गर्दीच्या मार्गावर ते नव्हते.

आता थोडे विज्ञान. हे मी नववीच्या वर्गात शिकवते. धावत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ११० वरून १३० वर गेलो तर वेग १८ टक्के वाढतो, पण ब्रेकने शोषायची ऊर्जा ४० टक्के वाढते. १३० वरून १६० वर गेलो तर ती दीडपट होते. १३० च्या वेगात आपत्कालीन ब्रेक लावला तरी गाडी थांबायला किलोमीटरभर जागा लागते, आणि वळणावर चालकाला तेवढे पुढचे दिसतच नाही. रुळावर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूनेही हे पाहावे. सहाशे मीटरवर गाडी दिसली, तर ताशी १०० च्या वेगात त्याच्या हाती २१ सेकंद असतात. १३० ला १६ आणि १६० ला १३. हातातली पहार सोडायची, सोबत्याला हाक मारायची, खडीवरून उतारावर उतरायचे, हे सगळे त्या सेकंदांत.

इथे वडिलांच्या कामाबद्दल सांगायला हवे, कारण रुळावरचा हा माणूस तुमच्या जाहिरातींत कधी दिसत नाही.

कीमन सकाळी आपल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या रुळाच्या पट्ट्यावर निघतो. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत जादा क्लिपा, लाल-हिरवी झेंडी, आणि धोका दिसलाच तर रुळावर बांधायचे फटाके. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्या. स्लीपरला रूळ पकडून ठेवणारी क्लिप सैल झाली असेल तर ती हातोड्याने बसवायची. सांध्याची पट्टी पाहायची, वेल्डिंगच्या जागी केसाएवढी चीर आहे का ते वाकून पाहायचे. वडील हातोडा हलकेच आपटायचे आणि आवाजावरून क्लिप बसली की नाही ते सांगायचे. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि लोखंड हवेपेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापते. किलोमीटर-किलोमीटर अखंड जोडलेल्या रुळाला पसरायला जागा नसते. खडी कमी पडली किंवा पकड सैल झाली, तर तो बाजूला सरकून नागमोडी होतो. थंडीत उलट, रात्री आखडतो आणि वेल्डिंगला तडकतो. म्हणून भर दुपारी आणि भर रात्री गस्त. त्यात खाली आमची काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. तिच्यावर घातलेला भराव कितीही दाबला तरी दरवर्षी कुठे ना कुठे बसतो. नकाशावर सरळ दिसणारी रेघ जमिनीवर रोज हलत असते आणि ती रोज कोणीतरी जागेवर आणत असते.

हल्ली कीमनला आणि गस्तवाल्यांना जीपीएस यंत्र दिले आहे. तो कुठे आहे, चालतो आहे की थांबला आहे, हे साहेबांना कळते. चांगली गोष्ट आहे. पण गाडी कुठे आहे हे त्याला सांगणारे यंत्र अजून प्रत्येकाच्या खिशात नाही. 'रक्षक' नावाचे असे उपकरण तुमच्याच यंत्रणेत आहे. गाडी जवळ येऊ लागली की ते रुळावरच्या माणसाला इशारा देते. मग ते सगळ्या गँगपर्यंत का पोहोचत नाही? दोन मार्गिकांवर काम करताना एका बाजूने मालगाडी धडधडत जात असते, तिच्या आवाजात दुसऱ्या बाजूची गाडी ऐकू येत नाही. विजेवरची नवी गाडी तर वारा उलटा असेल तर अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. भावाच्या गँगमधल्या एका सोबत्याचा जीव असाच गेला. तो कोणता विभाग, हे मी लिहीत नाही, कारण दोष एका विभागाचा नाही. भाऊ ड्युटीवर गेला की आई अजून दाराकडे बघत बसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव–मनमाड चौथ्या मार्गिकेला मंजुरी मिळाली. मार्गिका वाढतील, गाड्या वाढतील, म्हणजे रुळावर उभे राहून चारी बाजूंना कान ठेवण्याचे काम आणखी अवघड होईल.

आता एकेक तक्रार मांडते.

पहिली, रुळाला वेळ न देण्याची. रूळ दुरुस्त करायचा तर त्या काळापुरती वाहतूक थांबवावी लागते, म्हणजेच ब्लॉक. गाड्या वाढल्या, वक्तशीरपणाचा आकडा वरपर्यंत जाऊ लागला, तसा ब्लॉक मिळणे कठीण झाले. मागितला तीन तास, मिळाला दीड, त्यातही पाऊण तास उशिरा. हे वाक्य रेल्वेच्या कुठल्याही क्वार्टर्समध्ये ऐकायला मिळेल. १९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशात खतौलीला उत्कल एक्स्प्रेस घसरली. तिथे ब्लॉक न घेताच रुळाचे काम चालू होते आणि येणाऱ्या गाडीला सावध करणारे काहीही लावलेले नव्हते. वीसहून अधिक प्रवासी गेले. अशा वेळी खालच्या माणसांवर कारवाई होते. पण ब्लॉक मिळणार नाही आणि काम तर झालेच पाहिजे, अशा कोंडीत त्या माणसाला कोण ढकलते, याची चौकशी वरच्या मजल्यापर्यंत कधी जाते? महालेखापरीक्षकांनी डिसेंबर २०२२ मध्ये गाड्या घसरण्यावरचा अहवाल संसदेसमोर ठेवला. रुळांची मापे घेणाऱ्या तपासणी गाड्यांच्या फेऱ्यांत ३० ते १०० टक्के तूट असल्याचे त्यात आहे. सुरक्षेसाठी उभारलेल्या एक लाख कोटी रुपयांच्या राष्ट्रीय रेल संरक्षा कोषातून फूट मसाजर आणि क्रोकरी घेतल्याचेही त्यात आहे. हा खर्च कोणी मंजूर केला, हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे.

दुसरी तक्रार संमिश्र वाहतुकीची, आणि ही खरे तर आखणीचीच अडचण आहे. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा थोडा उंच ठेवतात, म्हणजे वेगाने जाणारी गाडी बाहेर ढकलली जात नाही. किती उंच ठेवायचा हे वेगावर ठरते. १३० ने जाणाऱ्या गाडीला जास्त उंची हवी. त्याच वळणावरून ६०-७० ने कोळसा नेणारी मालगाडी गेली की तिचा भार आतल्या रुळावर कलतो आणि तो रूळ चेपतो, झिजतो. उंची मालगाडीच्या सोयीची ठेवली तर वेगवान गाडी बाहेरच्या रुळाला रेटते. दोन्हींच्या मधली उंची ठेवावी लागते आणि त्या तडजोडीची किंमत ट्रॅकमन मोजतो. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनला हा प्रश्न नाही. ५०८ किलोमीटरचा तिचा मार्ग स्वतंत्र आहे, त्यावर मालगाडी नाही, फाटक नाही, माणूस नाही. जपानमध्ये शिन्कान्सेन १९६४ पासून धावते आहे आणि गाडी घसरून किंवा धडकून तिथे एकाही प्रवाशाचा जीव गेलेला नाही. त्यामागे गाडीइतकाच तो मोकळा, कुंपणाआडचा मार्ग आहे. रात्री काही तास गाड्या पूर्ण बंद ठेवून रोज केलेली दुरुस्तीही आहे. आपण गाडीची नक्कल करतो; रात्रीच्या त्या बंद तासांची का करत नाही?

तिसरी, सिग्नलच्या कामातल्या हलगर्जीपणाची. २ जून २०२३ ला बालासोरजवळ बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला सिग्नल मुख्य मार्गिकेचा मिळाला होता आणि सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी जागा, बाजूच्या लूप लाइनकडे वळलेला होता. १२८ च्या आसपास वेगात गाडी उभ्या मालगाडीवर गेली. २९० हून अधिक लोक मेले. सिग्नलच्या वायरिंगमध्ये बदल करताना झालेल्या चुका चौकशीत पुढे आल्या. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला कर्नाटकात होसदुर्ग रोड स्थानकात जवळपास अशीच चूक घडली होती. तिथे चालक सावध होता, त्याने गाडी थांबवली आणि अनर्थ टळला. त्या रेल्वेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने लेखी इशाराही दिला होता. चार महिन्यांनी बालासोर झाले. अशा ठिकाणी कवचचाही उपयोग होत नाही, कारण खुद्द सिग्नलच खोटा असतो. जो अपघात टळला त्याचा धडा देशभरातल्या प्रत्येक सिग्नल मेंटेनरपर्यंत आठवड्याच्या आत पोहोचायला हवा होता.

चौथी तक्रार रिकाम्या जागांची. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार मार्च २०२४ मध्ये सुरक्षा प्रवर्गातल्या सुमारे १० लाख पदांपैकी दीड लाखाहून अधिक पदे रिकामी होती. भरती काढली आहे, हे माहीत आहे. पण भरती झालेला मुलगा बीटवर एकटा चालण्याइतका तयार व्हायला वर्षे लागतात.

पाचवी तक्रार माझ्या शाळेतल्या मुलांची आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

आमच्या भागात फाटके बंद करून खाली भुयारी मार्ग केले. फाटक गेले म्हणजे धोका गेला, हे तत्त्व बरोबर आहे. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ इंटरलॉकिंग नसलेल्या, म्हणजे सिग्नलशी न जोडलेल्या फाटकावर शाळेच्या गाडीला रेल्वेने धडक दिली, तीन मुले गेली. त्यामुळे फाटके ठेवा, असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही. पण भुयारी मार्ग बांधताना पाणी कुठे जाईल, याचा विचार अनेक ठिकाणी झालेला नाही. जून ते सप्टेंबर त्यात गुडघाभर, कधी कमरेपर्यंत पाणी. वर चिखल, आत अंधार, पंप कोणाचा आणि चालवायचा कोणी यावर रेल्वे, ग्रामपंचायत आणि बांधकाम खाते एकमेकांकडे बोट दाखवतात. मग नववीतली मुलगी काय करते? सायकल खांद्यावर घेते, खडी चढते, दोन्ही बाजूंना बघते आणि रूळ ओलांडते. मागून तिची धाकटी बहीण दोघींची दप्तरे घेऊन येते. मी स्वतः त्या मुलींना रागावले आहे आणि रागावून झाल्यावर त्यांना कुठून यायला सांगायचे, हे मला सुचलेले नाही. पर्यायी रस्ता सहा किलोमीटरचा आहे.

आता वेग वाढल्यावर कुंपण येईल. मुंबई–अहमदाबाद मार्गावर वंदे भारत ऑक्टोबर २०२२ मध्ये म्हशींना धडकून तिचे नाक फुटले, त्यानंतर तिथे सहाशेहून अधिक किलोमीटर लोखंडी कुंपण झाले. गुरांसाठी कुंपण तातडीने झाले, ते योग्यच झाले. पण ओलांडायची सोय न करता घातलेले कुंपण लोक महिन्याभरात तोडतात, कारण शेत पलीकडे असते, दवाखाना पलीकडे असतो, शाळा पलीकडे असते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये तुम्हाला अहवाल दिला होता. रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे १५ हजार माणसे मरतात, त्यातली सुमारे ६ हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर, आणि कोणताही सुसंस्कृत समाज हे सहन करू शकत नाही, असे त्या समितीने म्हटले होते. तेव्हापासून काही सुधारणा झाली, पूल झाले, सरकते जिने आले. पण या मृत्यूंची गणना अजूनही 'अनधिकृत प्रवेश' या खात्यात होते आणि तिथेच संपते. रेल्वेच्या अपघातांच्या आकडेवारीत ती माणसे येत नाहीत. ती जेव्हा येतील, तेव्हाच पुलासाठी आणि पंपासाठी पैसा निघेल.

काकोडकर समितीने आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची होती. नियम करणारे तुम्ही, गाड्या चालवणारे तुम्ही आणि नियम पाळले की नाही ते तपासणारेही तुम्हीच. म्हणून कायद्याने स्थापन झालेले स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरण हवे, अशी शिफारस होती. रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत, हे ठीक. पण त्यांचे बळ अपुरे आहे आणि त्यांचे अहवाल सर्वसामान्यांपर्यंत आपोआप पोहोचत नाहीत. अहवाल येऊन एक तप उलटून गेले.

तुम्ही हे सारे करू शकत नाही, असे मला वाटत नाही, कारण तुमच्याच कुटुंबातल्या एका संस्थेने ते करून दाखवले आहे. कोकण रेल्वेचा मार्ग ताशी १६० चा वेग डोळ्यांसमोर ठेवून आखलेला होता. वळणे मोठी, चढ सौम्य, बोगदे सरळ. पण २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड रुळावर आली आणि विशेष गाडी तिच्यावर आदळली. पन्नासच्या आसपास माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जूनला, आंबोली पुलाजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसचा अपघात झाला. त्यानंतर कोकण रेल्वेने पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक केले. वेग उतरवला, डोंगर कापलेल्या ठिकाणी जाळ्या लावल्या, उतार सौम्य केले, रात्रंदिवस गस्त ठेवली. मुसळधार पावसात दिसेनासे झाले तर ४० च्या वेगाने चला, असे चालकाला सांगितले. आजही वंदे भारतला मडगावला पोहोचायला पावसाळ्यात जास्त वेळ लागतो आणि कोकणातला माणूस त्याबद्दल कुरकुर करत नाही, कारण का ते त्याला ठाऊक आहे. वेग कमी करण्याचा निर्णय घ्यायला जे धैर्य लागते ते तिथल्या अभियंत्यांनी दाखवले. चीननेही जुलै २०११ च्या वेन्झो अपघातानंतर आपल्या गाड्यांचा कमाल वेग ३५० वरून ३०० वर आणला होता, आणि काही वर्षांनी तयारी झाल्यावर पुन्हा वाढवला.

कमाल वेगाच्या या शर्यतीत प्रवाशाच्या पदरात काय पडले, तेही पाहावे. माहिती अधिकारातल्या उत्तरानुसार वंदे भारतचा सरासरी वेग २०२०-२१ मध्ये ताशी ८४.४८ किलोमीटर होता, तो २०२३-२४ मध्ये ७६.२५ वर आला. मेल-एक्स्प्रेसची सरासरी २०१९-२० मध्ये ५०.६ होती. १८० धावू शकणारी गाडी ७६ च्या सरासरीने पोहोचते, कारण मधे कामे चालू असतात, वेगमर्यादा लागलेल्या असतात, पुढे मालगाडी असते. खरा वेळ तिथे जातो. सांधे सुधारले, स्थानकात शिरतानाची ३० ची मर्यादा ५० वर नेली, कमजोर पूल बदलले, मालगाड्यांना वेगळी मार्गिका दिली, तर १३० न ओलांडताही जळगाव–मुंबई प्रवासातली बरीच मिनिटे वाचतील. या कामांचे उद्घाटन होत नाही, हिरवी झेंडी दाखवता येत नाही, पण प्रवाशाला हवे आहे ते हेच.

माझ्या मागण्या अशा.

ज्या पट्ट्यात वेग १३० किंवा त्याहून अधिक आहे किंवा करायचा आहे, त्या प्रत्येक पट्ट्याची माहिती मराठीसह स्थानिक भाषेत जाहीर करा: कुंपण किती किलोमीटर पूर्ण आहे, कवच कोणत्या तारखेपासून चालू आहे आणि किती इंजिनांत आहे, फाटके किती उरली, ट्रॅक मेंटेनरची मंजूर पदे किती आणि भरलेली किती, मागितलेल्या ब्लॉकपैकी किती तास मिळाले. मनमाड–भुसावळपासून सुरुवात करा. ही माहिती देता येत नसेल, तर तोवर तिथला वेग वाढवू नका.

रुळावर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला गाडी येत असल्याचा इशारा देणारे उपकरण द्या, त्यासाठी अंतिम तारीख ठरवा आणि ती पाळा. ब्लॉक नाकारला तर नाकारणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण नोंदले जावे, म्हणजे उद्या काही झाले तर जबाबदारी फक्त मुकादमावर येणार नाही.

सगळ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या डब्यांत उद्घोषणेची सोय करा. गाडी मधेच थांबून प्रवासी उतरू लागले तर शेजारची मार्गिका तत्काळ कशी बंद करायची, याचा सराव चालक आणि गार्ड यांच्याकडून दर सहा महिन्यांनी करून घ्या.

जिथे फाटक बंद केले, तिथल्या भुयारी मार्गातल्या पाण्याची जबाबदारी लेखी रेल्वेने घ्यावी. पंप, दिवा, आणि पाणी भरले तर ज्याला फोन करायचा त्याचा क्रमांक तिथे लिहिलेला असावा. जिथे हे शक्य नाही, तिथे पादचारी पूल बांधावा, आणि तो कुंपणाच्या आधी.

काकोडकर समितीची स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस स्वीकारायची नसेल, तर का नाही, ते संसदेत सांगा. स्वीकारायची असेल तर विधेयक आणा. तोवर सुरक्षा आयुक्तांचे सगळे चौकशी अहवाल, पाचोऱ्याच्या अपघातासह, लोकांसाठी खुले करा.

या पत्राची प्रत आमच्या भागाच्या खासदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना देत आहे. उत्तर लेखी मिळावे, ही विनंती. ते मिळाले की शाळेच्या फलकावर लावीन, आणि जून उजाडण्याच्या आत भुयारी मार्गाचा पंप सुरू झाला, तर तेही त्याच फलकावर लिहीन.

आपली,
एका कीमनची मुलगी आणि एका ट्रॅक मेंटेनरची बहीण
जिल्हा जळगाव